बिनआवाजाची पेटी

माझ्या हातून झालेल्या एकाच वस्तूला आजवर बक्षीस मिळालं, आणि ती नीट बंद होत नव्हती. अगदीच होत नव्हती असं नाही. जेवणाच्या टेबलावर ठेवून, दोन्ही हातांनी, तिच्याकडे टक लावून बघत बंद केली तर झकास बंद व्हायची. अडचण एवढीच होती की ज्यांच्यासाठी मी ती केली होती त्यांच्याकडे टेबल नव्हतं, दुसरा हात मोकळा नव्हता आणि डोळे भलतीकडेच गुंतलेले असत.

मी डिझायनर आहे. आई हा शब्द उच्चारत नाही. कुणी विचारलं तर म्हणते, "त्याचं डब्यांचं काहीतरी असतं." ताईबद्दल मात्र ती सविस्तर सांगते. ताई माझ्याहून आठ वर्षांनी मोठी, आणि बावीस वर्षं अँब्युलन्सवर आहे. माणूस जिन्यात पडो, बाथरूममध्ये पडो की रस्त्याच्या मधोमध, त्याच्याशेजारी पहिल्यांदा गुडघे टेकून बसते ती ताई. लहानपणी मी भिंतीवरून पडलो तेव्हाही तीच आधी पोचली होती, आणि पट्टी बांधायच्या आधी तिनं माझ्या कानाखाली एक दिली होती. तिच्या कामाची पद्धत अजून साधारण तशीच आहे, असं तिचा ड्रायव्हर सांगतो.

या ड्रायव्हरला सगळे 'सावकाश' म्हणतात. गाडी सुरू करताना तो दर वेळी "सावकाश जाऊ" म्हणतो, आणि मग बाकीच्यांनी हाताला येईल ते घट्ट धरायचं असतं.

तर पेटी. अँब्युलन्समधून उतरल्यावर जी हातात घेऊन धावायचं ती. इंजेक्शनं, नळ्या, पट्ट्या सगळं हिच्यात. जुन्या पेट्या पत्र्याच्या होत्या, कोपरे चेपलेले, आणि झाकण लावलं की असा खटका वाजायचा की शेजारचा दचकावा. आरोग्य खात्यानं नव्या पेटीसाठी नमुने मागवले तेव्हा मला वाटलं, हे काम माझीच वाट बघत होतं. बहीण घरचीच, कल्पना डोक्यात तयार. आणखी काय लागतं?

अभ्यास मी केला, खोटं का बोला. एक अख्खा दिवस अँब्युलन्सच्या शेडमध्ये उभा राहिलो, गळ्यात कॅमेरा आणि हातात वही घेऊन. नेमका त्या दिवशी दुपारपर्यंत एकही फोन आला नाही. मग मी सगळ्यांना छापील प्रश्नावली वाटली. पेटी हाताळताना कसं वाटतं, एक ते पाच गुण द्या, वगैरे. लोक पेन शोधत होते तोवर फोन आला, आणि सगळ्यांनी सगळ्या प्रश्नांना पाच-पाच देऊन धूम ठोकली. मी त्या उत्तरांचा आलेख काढला. तो फार सुंदर आला.

नमुना राखाडी होता, कडा गोलसर, सारखा हात फिरवावासा वाटेल असा. आणि आवाज नाही. झाकण नुसतं मिटायचं. बंद झाल्याची खूण म्हणून मुठीखाली एक हिरवा ठिपका दिसायचा, मोहरीच्या दाण्याहून जरासा मोठा. बक्षीस समारंभात मी यावरच भाषण ठोकलं. संकटाच्या क्षणी रुग्णाला सर्वांत आधी काय हवं असतं, असा प्रश्न विचारून मी बराच वेळ थांबलो, आणि मग हळूच म्हणालो, "शांतता." टाळ्या पडल्या. एका परीक्षकानं चष्मा काढून पुसला.

खरी हकीकत अशी की पहिल्या नमुन्याला चांगला खणखणीत खटका होता. पेटी किती टिकते ते बघायला मी ती दिवसाला पाचशे वेळा उघडझाप करत होतो, आणि बायकोचं डोकं दुखत होतं. तिसऱ्या दिवशी ती दारात येऊन म्हणाली, "एक तर त्या पेटीला गप्प कर, नाहीतर तिला घेऊन बाहेर जा." बाहेर ऊन होतं. मी खटका काढून टाकला.

ताईला घरी बोलावून पेटी दाखवली. टेबलावर ठेवलेली ती पेटी तिनं एकदा उघडली, एकदा लावली आणि म्हणाली, "चांगली दिसते." मी हवेत. पुढे समारंभासाठी मी कोट शिवला तेव्हाही ती हेच म्हणाली होती, आणि त्या कोटात मला हात वर करता येत नाहीत. तेवढ्यावरून तरी मला अक्कल यायला हवी होती.

बारा गाड्यांवर बारा पेट्या चाचणीसाठी गेल्या. त्या पसंत पडल्या की चारशे करायच्या, असं खात्याचं ठरत आलं होतं. महिन्याभरानं माहितीपत्रकासाठी फोटो हवे होते म्हणून मी नवा कोट घालून, फोटोग्राफरला घेऊन शेडमध्ये गेलो. ताईच्या गाडीत माझी पेटी होती. तिच्या गोलसर पोटावर एक तपकिरी रबरी पट्टा करकचून बांधलेला होता. शीर फुगावी म्हणून दंडाला बांधतात ना, तसला.

"हे काय?" मी विचारलं.

"पट्टा."

"ते दिसतंय. कशाला?"

"उघडते," ताई म्हणाली. ती सलाईनच्या बाटल्या मोजत होती आणि तिनं मान वर केली नाही.

"उघडत नाही, ताई. हिरवा ठिपका बघायचा असतो."

"बघते ना. वेळ मिळाला की बघते."

सावकाश टायरवर पाणी मारत होता. तो म्हणाला, "साहेब, जुनी पेटी खट् वाजायची. पाठ असली तरी कळायचं, बंद झाली. हिला विचारावं लागतं, बाई गं, झालीस का बंद?"

"सवयीचा भाग आहे," मी म्हणालो. माझ्या धंद्यात हे वाक्य फार उपयोगी पडतं. वस्तू चुकली असं कधी होतच नाही, माणसाची सवय तेवढी चुकलेली असते.

फोटोग्राफर म्हणाला, पट्टा फार वाईट दिसतोय. मला तर तो माझ्याच छातीवर बांधल्यासारखा वाटत होता. मी म्हणालो, "ताई, फोटोपुरता काढतो." ती म्हणाली, "काढ. पण परत लाव हं, छोट्या." मी त्रेचाळीस वर्षांचा आहे. पट्टा मी माझ्या हातानं काढला. फोटोग्राफरनं ताईला पेटी मांडीवर घेऊन तिच्याकडे प्रेमानं बघायला सांगितलं. ताईनं त्याच्याकडे जसं बघितलं तसा फोटो छापता आला नसता. पण शेवटी माझ्याखातर तिनं पेटीकडे पाहिलं, चांगलं मिनिटभर. फोटो छान आले.

तेवढ्यात फोन आला. ताईनं पेटी उचलली, सावकाश "सावकाश जाऊ" म्हणाला, आणि दोन मिनिटांत शेडमध्ये मी, फोटोग्राफर आणि ओल्या टायरांच्या खुणा उरल्या.

पुढचं मला नंतर कळलं. तिसऱ्या मजल्यावर एका मास्तरांना फिट आली होती आणि ती थांबत नव्हती. त्यांची बायको फोनवर होती. ताई गाडीत बसून तिच्याशी बोलत होती, त्यांना कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, मी आलेच. आणि बोलता बोलता तिनं फिटचं इंजेक्शन पेटीत सगळ्यांत वर काढून ठेवलं आणि झाकण लावलं. एका हातानं. न बघता. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर पेटी उघडली. काचेच्या कुप्या पायऱ्यांवरून खाली टणटणत गेल्या. पेटीला आवाज नव्हता, पण कुप्यांना होता. फिटच्या औषधाच्या दोन होत्या, दोन्ही फुटल्या. दुसरी गाडी यायला अकरा मिनिटं लागली. ती अकरा मिनिटं ताई मास्तरांचं डोकं धरून, त्यांचा श्वास मोकळा ठेवत बसली होती. मास्तर वाचले. पण आठ दिवस दवाखान्यात होते आणि त्यांच्या बायकोनं तक्रार केली. मीही केली असती.

चौकशी लागली. निकाल लागेपर्यंत ताईला घरी बसवलं, आणि निकाल विरुद्ध गेला तर कायमचंच घरी बसावं लागेल, असं सावकाशनं मला सांगितलं. तिच्याकडून खुलासा मागितला तेव्हा तिनं दोन ओळी लिहून दिल्या: 'पेटी नीट बंद झाली आहे की नाही ते मी पाहिलं नाही. चूक माझी आहे.' आणि पेटी कशी बंद करायची असते हे समितीला समजावून सांगायला तज्ज्ञ म्हणून बोलावलं मला.

इथे मी स्वतःबद्दल चांगलं काहीतरी लिहू शकलो असतो, पण ते खरं नाही. ताईची काळजी मला वाटत होती, जेवण जात नव्हतं. पण त्या काळजीच्या मागे एक विचार अंग चोरून बसला होता: निदान पेटीचं नाव तरी खराब झालं नाही. तिनं ठिपका बघितला नाही, एवढंच. पट्ट्याचं म्हणाल तर फोटो झाल्यावर मी तो तिथेच बाकावर ठेवला होता, असं मला स्वच्छ आठवत होतं. जे सोयीचं असतं ते माणसाला फार स्वच्छ आठवतं.

मी तिला भेटायला गेलो. घरातली सगळी कपाटं लख्ख पुसलेली होती. कामाचे बूट दाराशी होते, टोकं बाहेरच्या बाजूला, नाड्या सैल केलेल्या. फोन आला की पाय घालून निघावं असे. फोन येणार नव्हता. तिनं आधी विचारलं, "मास्तर कसे आहेत, कळलं का?"

"घरी आलेत. हिंडतात-फिरतात."

"बोलणं?"

"नीट आहे म्हणतात."

तिनं मोठा श्वास सोडला. मग म्हणाली, "तू उद्या ये, पेटी कशी लावायची ते दाखव आणि जा. जास्त बोलू नकोस. तुला बोलायला लागलं की थांबता येत नाही."

"ताई, तू तेव्हा ठिपका—"

"चहा घेणार का?"

मी चहा घेतला आणि घरी आलो.

त्याच दुपारी मी तयारीला लागलो. बावीस चित्रफलक केले होते. आधी पेटीमागचा विचार, मग हिरव्या ठिपक्याचं तत्त्व, मग योग्य वापर. कोट चढवला, पेटी टेबलावर ठेवली, समोर समिती म्हणून बायकोला बसवलं. तिच्या डोळ्यांत बघत बोलत होतो, कारण समितीच्या डोळ्यांत बघून बोलावं असं मी कुठेतरी ऐकलं होतं. "झाकण असं हलकेच लावायचं," मी म्हणालो, झाकण लावलं, आणि पेटी मोठ्या झोकात उचलली.

पेटी उघडली. आत सरावासाठी भरलेले चमचे, बाटल्या, बायकोची डोकेदुखीची गोळी, सगळं फरशीवर पांगलं. एक बाटली घरंगळत फ्रिजखाली गेली.

बायको म्हणाली, "ठिपका बघितला नाहीस का?"

"तुझ्याकडे बघत बोलत होतो ना."

हे वाक्य मी बोललो आणि मलाच ऐकू आलं. मी समोर धडधाकट बसलेल्या बायकोकडे बघत होतो. ताई फिट आलेल्या माणसाच्या बायकोशी बोलत होती.

मी वाकलो, कोट काखेत करकरला, तोल गेला, तो सावरायला हात कमरेशी नेला तर खिशात काहीतरी मऊ लागलं. बाहेर काढलं. तपकिरी रबरी पट्टा.

मी फरशीवरच बसलो. बायकोनं चमचे गोळा केले. पट्टा कसला, हे तिनं विचारलं आणि मी सांगितलं. तिनं फ्रिजखालची बाटली काढून माझ्यापुढे ठेवली. ताईला सगळं माहीत होतं. पट्टा कुणी काढला, कुणी परत लावला नाही, हे तिच्याइतकं कुणाला माहीत होतं? आणि तिनं दोन ओळींत माझं नाव येऊ दिलं नव्हतं. मला स्वतःची इतकी लाज पूर्वी कधी वाटली नव्हती. बक्षीस घेताना वाटायला हवी होती, तेव्हा कोट घट्ट होत होता.

समितीची खोली लहान होती. पंखा एकीकडे झुकून फिरत होता. अधीक्षक बाई मधे, दोन्ही बाजूंना दोन डॉक्टर, कोपऱ्यातल्या खुर्चीवर ताई, पाय जुळवून, शाळेत शिक्षा झाल्यासारखी. मी तोच कोट घातला होता. बावीस चित्रफलक पिशवीतच ठेवले होते.

अधीक्षक बाईंनी कागदावरून वाचलं, "पेटी सूचनेप्रमाणे वापरली तर आपोआप उघडू शकते का?"

"नाही," मी म्हणालो.

त्यांनी लिहून घेतलं. एवढ्यावर काम संपलं असतं. मी खरं तेच बोललो होतो, चारशे पेट्या शाबूत होत्या आणि ताई खाली मान घालून बसली होती. मी खुर्चीवरून अर्धा उठलोसुद्धा. मग परत बसलो.

"सूचना मी जेवणाच्या टेबलावर लिहिल्यात," मी म्हणालो.

"म्हणजे?"

"बाई, एक करून बघाल का? माझ्याकडे बघत राहा, तुमच्या घराचा पत्ता सांगा आणि सांगताना एका हातानं ही पेटी लावा."

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं, पण केलं. तिसऱ्या गल्लीपर्यंत पत्ता आला आणि झाकण लागलं. "आता उचला," मी म्हणालो. आतल्या पट्ट्या त्यांच्या फायलींवर सांडल्या. एका डॉक्टरांना हसू आलं ते त्यांनी खोकल्यात घातलं.

"जुन्या पेटीला खटका होता," मी म्हणालो. "या लोकांचे डोळे पेशंटवर असतात, पेटी कानानं बंद होते. ते मला कळलं नाही. खटका मी काढला."

"पण तुमच्या पत्रकात लिहिलंय, रुग्णाच्या शांततेसाठी."

"बायकोचं डोकं दुखत होतं."

अधीक्षक बाईंनी तेही लिहून घेतलं. मी खिशातून पट्टा काढून फायलींवर ठेवला. सांगितलं की ताईनं स्वतःच्या अकलेनं पेटीला हा पट्टा लावला होता, तो लावल्यापासून एकदाही पेटी उघडली नाही, त्या दिवशी फोटो चांगले यावेत म्हणून मी तो काढला, परत लाव असं मला सांगितलं होतं, आणि मी तो खिशात घालून घरी गेलो. "मास्तरांची अकरा मिनिटं माझ्याकडे आहेत," मी म्हणालो. "ताईकडे नाहीत."

"हे लेखी द्याल?"

बोलणं सोपं होतं. लिहायला बसलो तर पहिल्याच ओळीत तीनदा खाडाखोड झाली. पहिला कागद खराब झाला, दुसरा मागून घेतला. फोन किती वाजता आला ते आठवेना. कोपऱ्यातून ताई म्हणाली, "चार वाजून दहा मिनिटं." एवढंच ती त्या खोलीत बोलली.

बाहेरच्या बोळात ती माझ्या पुढे चालत होती. दाराशी थांबली आणि म्हणाली, "तुला म्हटलं होतं जास्त बोलू नकोस."

"हो."

"पट्टा नाही हे मला गाडीतच दिसलं होतं. दुसरा बांधता आला असता. माझीही चूक आहेच, ती काही तुझ्या कागदानं जात नाही."

मी दार उघडून धरलं.

"चारशे गेल्या ना तुझ्या?"

"गेल्या. बाराही परत येतील."

"बरं झालं," ताई म्हणाली. मग माझ्या कोटाचं वरचं बटण तिनंच काढलं. "काढ हे आता. कोंडतोय तुझा जीव."

ताईला लेखी समज मिळाली आणि आठवड्यानं ती कामावर गेली. मास्तरांच्या घरी आम्ही दोघं जाऊन आलो. त्यांच्या बायकोनं आम्हाला बसायला सांगितलं, पण फार काही बोलल्या नाहीत, आणि ते बरोबरच होतं. खात्यातून मला दोन ओळींचं पत्र आलं: चारशे पेट्यांचं काम रद्द. ताईनं मात्र एक दिवस फोन करून सांगितलं, "नवी कर. आणि या वेळी कशी दिसते ते मला विचारू नकोस."

या वेळी मी शेडमध्ये चार महिने बसलो. कॅमेरा नेला नाही. गाडीतून गेलो, सावकाशच्या 'सावकाश'मध्ये दोनदा डोकं आपटून घेतलं, हातमोजे घालून, गुडघ्यावर बसून, दुसऱ्या हातात सलाईनची बाटली धरून पेट्या उघडल्या आणि लावल्या. ताईनं सहा नमुने नाकारले. एकाला तर तिनं हातही लावला नाही, नुसती मान हलवली. सातवा भगवा आहे, बोजड आहे, कडांना जाड रबर आहे. झाकण नीट लागलं नाही तर मूठ वर येतच नाही, आणि लागलं की असा खटका वाजतो की बायको म्हणाली स्वयंपाकघरात ऐकू येतो. मी तिला बाहेर ऊन आहे का ते विचारलं.

परवा सातवा नमुना ताईच्या गाडीत ठेवला. मी शेडच्या खांबाशी उभा होतो, सहज उभा असल्याचा आव आणत. फोन आला. कुणाची तरी आजी न्हाणीघरात पडली होती. ताई फोनवर नातीशी बोलत होती, "तिला उठवू नकोस, नुसती हाक मारत राहा, मी आलेच बाळा," आणि बोलता बोलता तिनं काहीतरी पेटीत टाकलं आणि कोपरानं झाकण दाबलं. खट्. मूठ वर आली, तिनं ती धरली आणि चढली.

"सावकाश जाऊ," सावकाश म्हणाला.

ताईनं पेटीकडे एकदाही बघितलं नाही. माझ्याकडेही नाही. गाडी वळणापलीकडे गेली तरी मी तिथेच उभा होतो, आणि त्या परीक्षकासारखा काढून पुसावा असा चष्मा माझ्याकडे नव्हता, म्हणून मी सरळ डोळेच पुसले.